स्वखुशीचे राजीनामे

माझं अक्षर चांगलं आहे. पूर्वी हे मी फुशारकीने सांगायचो, आता गुन्हा कबूल केल्यासारखं सांगतो.

माधवनगरातल्या एका कापड कारखान्यात मी बावीस वर्षं टाइम ऑफिसचा कारकून होतो. कोण किती वाजता आत आला, कोणाची रजा, कोणाचा खाडा, हे लिहून ठेवायचं काम. पण मागावरच्या लोकांत माझी खरी ओळख होती ती अर्ज लिहून देणारा म्हणून. पोराचा दाखला हरवला, लाइटचं मीटर जळालं, रेशनकार्डात सुनेचं नाव घालायचं, काहीही असो, लोक जेवणाच्या सुट्टीत कोरा कागद घेऊन माझ्या खिडकीशी यायचे. सगळे मला भाऊसाहेब म्हणायचे. मीही भाव खायचो. 'विषय' या शब्दाखाली पट्टी लावून रेघ ओढल्याशिवाय अर्ज हातातून सोडायचो नाही.

कारखाना एका दिवसात बंद झाला नाही. आधी तीन पाळ्यांच्या दोन झाल्या, मग दोनाची एक, मग आठवड्यातून चारच दिवस भोंगा वाजायला लागला. दिवाळीनंतर एका सकाळी मॅनेजरसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. माझ्यापेक्षा वयाने लहान, बोलायला गोड माणूस. त्यांनी मला बसायला सांगितलं तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. बावीस वर्षांत मी त्या केबिनमध्ये कधी बसलो नव्हतो.

"आता जमत नाही," ते म्हणाले. "माग विकायचं ठरलंय. पण लोकांच्या कागदावर काढून टाकलं असं लागायला नको. उद्या दुसरीकडे गेले तर कोण उभं करणार? त्यापेक्षा सगळ्यांनी स्वखुशीने राजीनामा दिला तर सगळ्यांचाच मान राहील. तुमचं अक्षर चांगलं आहे. लोक तुमचं ऐकतात."

हा माणूस लबाड होता की माझ्यासारखाच बावळट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण त्याचं म्हणणं मला पटलं. नुसतं पटलं नाही, आवडलं.

का आवडलं ते सांगायला हवं. मी मूळचा वाईकडचा. आमच्या गावात घरटी एक तरी माणूस फौजेत असतो. माझे वडील हवालदार होऊन पेन्शनवर आले तेव्हा त्यांना वेशीपासून घरापर्यंत हलगी लावून आणलं होतं. त्याच गावात आणखी एकजण होता, त्याला पलटणीतून मुदतीआधी घरी पाठवलं होतं. का पाठवलं ते कोणालाच धड माहीत नव्हतं. पण तो जन्मभर 'घरी पाठवलेला'च राहिला. त्याच्या पोरीला जवळपासचं स्थळ आलं नाही, शेवटी लांब कुठेतरी दिली. आमच्याकडे नोकरी गेली यापेक्षा ती कशी गेली हे मोठं असतं. आपण सोडली तर मान, त्यांनी काढलं तर कायमचा डाग. हे मला कोणी शिकवलं नाही, ते दुधाबरोबरच पाजलेलं आहे.

म्हणून मी पॅकिंगच्या टेबलावर बसून दोन दिवसांत बत्तीस राजीनामे लिहिले. सगळ्यांचे एकसारखे दिसू नयेत म्हणून प्रत्येकाला वेगळं कारण दिलं, हे माझं डोकं. कोणाला 'प्रकृतीच्या कारणास्तव', कोणाला 'घरगुती अडचणीमुळे', कोणाला 'शेतीकडे लक्ष देण्यासाठी'. ज्यांच्या सात पिढ्यांत कोणाला गुंठाभर जमीन मिळाली नाही त्यांनाही मी त्या दोन दिवसांत शेतकरी करून टाकलं. शेवटी सगळ्यांना एकच ओळ होती: 'तरी मी माझ्या नोकरीचा स्वखुशीने राजीनामा देत आहे.' लोकांनी सह्या केल्या, अंगठे उठवले, वर माझे आभार मानले. माझा स्वतःचा राजीनामा मी सर्वांत शेवटी लिहिला आणि खरं सांगतो, तोच सर्वांत देखणा झाला होता.

एकाच माणसाने सही केली नाही. तो मागांची दुरुस्ती करायचा. अशा माणसाला आमच्याकडे जॉबर म्हणतात. माधवनगरातल्याच मुसलमान घरातला, बाप आणि आजाही मागावरच गेलेले. माझा तो तसा दोस्त, पण तोंडाचा फटकळ.

"काय लिवलंय ह्येच्यात?" त्याने विचारलं.

"की तुम्ही स्वखुशीने नोकरी सोडताय."

"मी कवा सोडतुय? माग त्येंनी इकल्यात."

"अहो, पण काढून टाकलं असं लागलं तर..."

"मग काढलंच हाय की. काढलं तर काढलं म्हना गड्या. खोटं कशाला लिवायचं?"

मला राग आला. एकतीस माणसांनी मुकाट सही केली आणि हा एकटा शहाणा. मी म्हणालो, "माणसाला थोडी तरी चाड असावी." तो हसला आणि म्हणाला, "तुमास्नी हाय न्हवं, मग झालं." दुसऱ्या दिवशी त्याला एका ओळीचं टाइप केलेलं पत्र मिळालं: आपणास कामावरून कमी करण्यात येत आहे. त्या पत्राची नोंद मीच केली. नोंद करताना मला त्याची कीव आली होती.

आम्हा बाकीच्यांना मात्र निरोप समारंभ झाला. अंगावर शाल आणि हातात श्रीफळ. हातात नारळ देणं म्हणजे काय हे मराठी माणसाला सांगायला नको, तरीही आम्ही तो दोन्ही हातांनी घेतला आणि फोटोसाठी हसलो. तो फोटो मी गावी थोरल्या भावाला पाठवला. दादा फौजेतून नायक होऊन आलेला, मानी माणूस. त्याला मी फोनवर सांगितलं, आता पुरे झालं, म्हणून सोडली. दादाने आठवड्यात एसटी स्टँडजवळ माझा फ्लेक्स लावला. माझा पासपोर्टचा फोटो मोठा करून, खाली 'प्रदीर्घ सेवापूर्तीबद्दल हार्दिक अभिनंदन'. मला तो बघून भरून आलं.

पंधरा दिवसांनी कामगारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागला. ज्यांच्या पगारातून कामगार विमा कापला जातो, त्यांची नोकरी गेली तर सरकार नव्वद दिवस निम्मा पगार देतं. मला आधी तो नेहमीच्या फसव्या मेसेजांपैकी वाटला. मी ई-सेवा केंद्रात जाऊन विचारलं, तर खरंच होतं. बावीस वर्षं लोकांच्या पगारातली विम्याची कपात माझ्या हाताने लिहिली गेली आणि मलाच हे ठाऊक नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

त्या नव्वद दिवसांची मला केवढी गरज होती ते सांगतो. माझी एकुलती एक मुलगी तेव्हा बारावी सायन्सला होती. फेब्रुवारीत प्रॅक्टिकल आणि परीक्षा. तिला नर्सिंगला जायचं होतं आणि ती जाणार हे तिच्या बाईंनीही सांगितलं होतं. आम्ही माधवनगरात भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. साठवलेलं होतं ते माझ्या बायकोच्या ऑपरेशनमध्ये आदल्या वर्षीच गेलं होतं. म्हणजे हिशेब सरळ होता: निम्मा पगार तीन महिने आला की मुलीचा शेवटचा पेपर होईपर्यंत भाडं भरता येईल, मग आम्ही कुठेही जायला मोकळे. सरकारने माझ्या मुलीचं वेळापत्रक समोर ठेवूनच नव्वद आकडा काढला असावा असं मला वाटलं.

मी लगेच अर्ज भरला. स्टँपपेपरवर प्रतिज्ञापत्र केलं की मी बेरोजगार आहे, कुठेही काम करत नाही. आणि त्याच आठवड्यात सांगलीच्या मार्केट यार्डातून एक काम चालून आलं. हळदीच्या गोदामावर पोती उतरवून घ्यायची, देखरेख करायची. पगार जेमतेम, पण होता. मी नाही म्हणालो. प्रतिज्ञापत्रावर सही केल्यावर काम धरलं तर ते खोटं ठरेल, आणि मी कागदाशी कधी बेइमानी केली नव्हती. एकतीस माणसांच्या नावाने थापा लिहिणारा मी, पण त्या वेळी मला यात काही विसंगत वाटलं नाही.

बायको म्हणाली, "हातचं सोडून पळत्याच्या मागं लागू नका." ती शिराळ्याची आहे, नागाला भीत नाही, माझ्या रागाला कुठली भिणार. मी तिच्यावर ओरडलो. तुला कायद्यातलं काय कळतं, म्हणालो. मुलगी आत प्रयोगवही लिहीत होती, तिने सगळं ऐकलं.

विम्याच्या ऑफिसात खिडकीवर एक मॅडम होत्या. दमलेल्या, पण वस्सकन अंगावर येणाऱ्या नाहीत. मी फाइल पुढे केली. प्रत्येक कागदाला फ्लॅग लावलेला, अनुक्रमणिका वेगळी. त्यांनी आधार पाहिलं, पासबुक पाहिलं, प्रतिज्ञापत्र पाहिलं, आणि राजीनाम्याच्या झेरॉक्सवर थांबल्या.

"हे तुम्ही लिहिलंय?"

"हो," मी म्हणालो. एवढ्या गडबडीतही मला बरं वाटलं.

"अक्षर सुंदर आहे," त्या म्हणाल्या. मग चष्मा काढला. "पण काका, तुम्ही यात बसत नाही. ज्याला मालकाने कमी केलं, ज्याचा कारखाना बंद पडला, त्याच्यासाठी आहे हे. ज्याने आपणहून सोडली त्याच्यासाठी नाही."

मी त्यांना समजावून सांगायला लागलो. माग विकले, गेटला कुलूप आहे, तुम्ही येऊन बघा. त्या ऐकून घेत होत्या. मग त्यांनी कपाटातून एक गठ्ठा काढून खिडकीत ठेवला. चौदा अर्ज होते. प्रत्येकाच्या मागे राजीनाम्याची झेरॉक्स, आणि प्रत्येकीत 'विषय'खाली पट्टीने ओढलेली रेघ.

"हे सगळे याच महिन्यात आलेत," त्या म्हणाल्या. "सगळे एकाच हाताचे. मला वाटलं कोणीतरी एजंट असावा."

त्या चौदा माणसांना मी ओळखत होतो. त्यांतल्या दोघांना तर मीच सांगितलं होतं की अर्ज करा, काही अडचण येणार नाही.

"मालकाकडून कमी केल्याचं पत्र आणता आलं तर बघा," मॅडम म्हणाल्या. "नाहीतर मला हे नाकारावंच लागेल."

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यावर गेलो. आत माग उचकटून ट्रकमध्ये भरत होते. मॅनेजरसाहेब वखारीच्या दारात उभे होते. मी त्यांच्यासमोर उभा राहून म्हणालो, "साहेब, मला काढून टाका."

ते हसले. त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. "तुम्ही गेलात की दीड महिन्यापूर्वी."

"मागच्या तारखेचं पत्र द्या. कामावरून कमी केलं म्हणून. मला आणि बाकीच्या तीसजणांना. पाहिजे तर मी चोरी केली म्हणून लिहा." वास्तविक चोरीचं कारण असतं तर विमा मुळीच मिळाला नसता, पण मी त्या वेळी काहीही बोलत होतो.

"भाऊसाहेब, राजीनामे मंजूर झालेत. तशी नोंदही तुम्हीच केलीय. आता मी तुम्हाला काढलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. आणि तुमच्यासारख्या माणसाच्या नावावर असा डाग मी कसा लावू?"

खोटं! त्या माणसाने माझ्या तोंडावर मला खऱ्याखोट्याचं शिकवलं. मला त्याची कॉलर धरावीशी वाटली. प्रत्यक्षात मी "बरं साहेब" म्हणालो, दोन्ही हात जोडून नमस्कार केला आणि मागे फिरलो. त्या नमस्काराचा मला आजही संताप येतो. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, माझ्यात पीळ नव्हताच, नुसता सुंभ होता.

माझा अर्ज नाकारला गेला. मी वरच्या साहेबांकडे तीन पानी दाद मागितली, तिचंही एका ओळीचं उत्तर आलं. यार्डात गेलो तर हळदीच्या गोदामावर दुसरा माणूस लागला होता. वयाची पन्नाशी आलेल्या, ज्याला फक्त लिहिता येतं अशा माणसाला सांगलीत काय काम मिळतं हे मी त्या महिन्यात हिंडून बघितलं. लोक म्हणायचे, आता सगळं कॉम्प्युटरवर असतं काका.

वाइंडिंग खात्यात, म्हणजे सूत गुंडाळण्याच्या कामावर असलेली एक विधवा बाई त्या दिवसांत आमच्या दारात आली. हातात तिचा राजीनामा होता. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "भाऊसाहेब, ह्येच्यात शेती बघायला सोडली म्हून लिवलंय म्हनं. मला कुठं हाय ओ शेती?" बायकोने तिला चहा दिला. मी आतल्या खोलीतून बाहेर आलो नाही.

जॉबर मला बाजारात भेटला. त्याचं मंजूर झालं होतं. मला बघून तो टाळूनच जायला निघाला, त्याला वाटलं असेल याला उगाच लागेल. मीच हाक मारली. त्याने मला चहा पाजला आणि सारखा म्हणत राहिला, "तुमी लिवा की वर, तुमचा हात चांगला हाय." त्याला कसं सांगू की आता कागद पुढे घेतला की मला घाम फुटतो. चहा पिताना माझ्या मनात सारखं एकच येत होतं, की देवा, मलाही कोणीतरी काढून टाकलं असतं तर. माणूस अशीही इच्छा करू शकतो हे मला ठाऊक नव्हतं.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात घरमालकीणबाईंनी थकलेल्या भाड्याचं विचारलं. मी बायकोला म्हणालो, गावी जाऊ, दादाकडे राहू. ती म्हणाली, आणि पोरीचं प्रॅक्टिकल? मी म्हणालो, बघू. त्या दिवसांत मी प्रत्येक गोष्टीला बघू म्हणायचो. मुलगी ऐकत होती. तीन दिवसांनी ती संध्याकाळी घरी आली ती कापड पेठेतल्या एका रेडिमेडच्या दुकानातून. तिथे सेल्सला मुलगी पाहिजे होती. सकाळी दहा ते रात्री साडेआठ, सुट्टी फक्त सोमवारी.

"कॉलेज?" मी विचारलं.

"पुढच्या वर्षी बाहेरून बसते, पप्पा. आधी खोली ठेवू."

बायको रडायला लागली. मी मुलीवर चिडलो, कोणाला विचारून गेलीस म्हणालो, नोकरी मी शोधतोय म्हणालो. ती वाद घालत बसली नाही. तिने प्रयोगवह्या कपाटावर ठेवल्या आणि सकाळी डबा घेऊन दुकानात गेली. दुसऱ्या दिवशीही गेली. मी तिला थांबवलं नाही, कारण थांबवून मी तिला काय देणार होतो? प्रॅक्टिकलचे दिवस आले आणि गेले. तिच्या बाईंचे दोनदा फोन आले, एकदा बायकोने घेतला, एकदा कोणीच घेतला नाही.

परीक्षा सुरू झाली त्या सोमवारी दादाचा फोन आला. मुलगी सुट्टी म्हणून घरीच होती. पेपर कसा गेला ते विचारायला त्याने तिच्याच मोबाइलवर केला होता. तिचे हात पिठाचे होते, तिने फोन स्पीकरवर टाकून खाली ठेवला. आम्ही तिघेही त्या फोनभोवती बसलेलो.

"मी नाही बसले, तात्या," ती म्हणाली.

"का गं? आजारी हाईस का?"

"नाही. कंटाळा आला अभ्यासाचा. डोक्यात शिरत नव्हतं काही."

दहावीला तालुक्यात नंबर आलेली पोर. दादा भडकला. फोनमधून त्याचा आवाज खोलीभर झाला. "अगं, तुझ्या बापानं बावीस वर्सं इमानानं नोकरी केली. ताठ मानंनं बाहीर पडला. गावात फ्लेक्स लागला त्येचा. आन तू असली निगालीस? बापाची काय चाड?" तो बराच वेळ बोलत होता. ती पीठ मळत होती, मध्ये मध्ये "व्हय तात्या" म्हणत होती. बायकोने माझ्याकडे बघितलं. फोन माझ्या हाताच्या अंतरावर होता. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, दादा, पोरीचं काही चुकलं नाही, मला काढून टाकलं. सातआठ शब्द.

"बापाला दे जरा," दादा म्हणाला.

मुलीने कोपराने फोन माझ्याकडे सरकवला. मी तो उचलून कानाला लावला आणि म्हणालो, "व्हय दादा. मी बी लय समजावलं तिला."